दोघींची सुनावणी

जालना
१६ जुलै २०२४

नाजिया,

तू म्हणशील, मोबाईल असताना ही पोरगी पत्र काय लिहून राह्यली. तर तुझा मोबाईल तुझ्या भावाच्या, शाहबाजच्या खिशात असतो, तुझ्या आधी तोच वाचतो. आणि मेसेजवर मला नीट चिडता येत न्हाई. मी मोठं काही लिहिलं की तू नुसता अंगठा पाठवतीस. म्हणून पोस्टातून पाकिटंच आणून ठेवलीत.

काल सुट्टी काढून अभ्यास केंद्रावर गेल्ते. आमच्या बियाण्याच्या प्लांटवर सुट्टी मागितली की सुपरवायझर म्हणतो, बी.ए. करून कपाशीच्या बियांना इतिहास शिकवणार का? असो. केंद्राच्या बोर्डावर नोटीस लागलीय. दिव्यांग विद्यार्थ्यांना मदतनीस भत्ता, शिवाय प्रवास भत्ता. मी क्लार्क राधेश्यामभाऊंना विचारलं. मला ऐकू येत न्हाई हे त्यांना बराबर माहीत आहे, तरी दरवेळी घसा ताणून बोलतात. लहानपणी मेंदूज्वरात गेलेले कान त्यांच्या ओरडण्यानं परत येणार असतील तर त्यांनी खुशाल ओरडावं! मिशीमुळं ओठही दिसत न्हाईत. शेवटी कागद पुढं केला तेव्हा लिहिलं, 'पोर्टलवर भरा.'

पोर्टल उघडलं. 'शिक्षणाचा प्रकार' म्हणून एकच पर्याय, पूर्णवेळ. दूरशिक्षण न्हाई, अर्धवेळ न्हाई. म्हणजे जी पोटासाठी काम करून रविवारी शिकते, ती दिव्यांगच न्हाई. मंग मी हातानं अर्ज लिहिला. सगळं खरं खरं लिहिलं. सर फळ्याकडं तोंड करून शिकवतात, मला ओठ दिसत न्हाईत. शेजारी नाजिया बसते आणि ते बोलतात ते मला लिहून देते. नाजियाच्या पायाला पोलिओ आहे, कॅलिपर आणि कुबडीवर चालते, वर्ग दुसऱ्या मजल्यावर, म्हणून मी तिला धरून वर नेते. असं वर्षभर भागवलं, पण हे केंद्राचं काम आहे, आमचं न्हाई.

तू पण अर्ज कर. जल्दी कर. महिनाअखेर मुदत आहे.

शीतल

•

आष्टी
२४ जुलै २०२४

शीतल, सलाम.

तुझं पाकीट पोस्टमननं अब्बांच्या हातात दिलं. अब्बा म्हणाले, 'कोर्टाचं तर न्हाई ना?' आमच्या घरी पत्र म्हटलं की एवढंच येतं.

मी पण अर्ज केला, तुझ्यासारखाच हातानं लिहून. दर रविवारी आष्टीहून परतूरपर्यंत काळी-पिवळी, तिथून जालन्याची बस, स्टँडपासून रिक्षा. जीपवाला मला पुढं बसवतो आणि दोन सीटचे पैसे घेतो. म्हणतो, कुबडी पण बसली ना! साड्यांना पिको-फॉल करून जे हातात येतं ते सगळं या रस्त्यावर जातं. हे सगळं लिहिलं. शाहबाज म्हणाला, थोडं रडून लिही. मी म्हटलं, रडणार न्हाई, हिशोब सांगीन.

पण एक गोष्ट मला खटकली. तुझ्या अर्जात माझं नाव कशाला घातलंस? ऑफिसातल्या लोकांना जास्त खरं सांगू नये. ते आपल्यासाठी न्हाई वाचत, आपल्या विरुद्ध काय सापडतं ते बघायला वाचतात. आता गेलं ते गेलं. अम्मी म्हणते, तू पुढच्या खेपेला आलीस की तुझ्यासाठी खिचडा करायचा.

नाजिया

•

जालना
२० ऑगस्ट २०२४

नाजिया,

माझा अर्ज नामंजूर. कारण लिहिलंय, 'अर्जदार अर्धवेळ विद्यार्थिनी असून नोकरी करते.' नोकरी केली न्हाई तर फी कुठून भरू? आणि पूर्णवेळ कॉलेजला गेले तर खोलीचं भाडं कोण देणार? घनसावंगीला आई एकटी मजुरीला जाते, माझा भाऊ, कल्याण, भाड्याचा टेम्पो चालवतो. त्यांच्या जिवावर बसून मी पूर्णवेळ दिव्यांग व्हायचं होतं का?

मी वरच्या कार्यालयात अपील टाकलंय. पुन्हा सगळं लिहिलं. तुझ्या अर्जाचं काय झालं? एव्हाना तुलाही उत्तर आलं असेल. तुझं तर होणारच, तुझी अडचण डोळ्यांना दिसते. माझी दिसत न्हाई, म्हणून मला दर टेबलावर नव्यानं बहिरी व्हावं लागतं.

शीतल

•

आष्टी
२८ ऑगस्ट २०२४

शीतल,

माझं उत्तर आलं. तुला जसंच्या तसं उतरवून पाठवते, म्हणजे तुझ्या खरेपणाचा प्रताप तुला कळेल.

'सदर विद्यार्थिनी दुसऱ्या दिव्यांग विद्यार्थिनीस लेखनसाहाय्य करीत असल्याचे, तसेच तिला जिना चढण्यास साहाय्य उपलब्ध असल्याचे कागदपत्रांवरून दिसून येते. सबब अतिरिक्त साहाय्याची गरज नाही.'

कुठल्या कागदपत्रांवरून? तुझ्या! मी तुला चार ओळी लिहून देते म्हणून माझा पाय बरा झाला, आणि तू मला हात देतीस म्हणून जिनाच गायब झाला. मी म्हटलं नव्हतं, जास्त खरं लिहू नको? पण तुला लिहायला बसलं की थांबता येत न्हाई. अपिलात पण लिहिलंस ना परत? लिहिलंच असणार!

शाहबाजनं केंद्रावर फोन केल्ता. आपल्या दोघींची प्रत्यक्ष पाहणी होणार म्हणे, २२ सप्टेंबरच्या रविवारी. समिती येणार. आता ऐक. त्या दिवशी तू माझ्याजवळ बसायचं न्हाई. मला हात द्यायचा न्हाई. माझ्याकडं बघायचं पण न्हाई. मी पण तुला एक अक्षर लिहून देणार न्हाई. आपल्याला किती त्रास होतो ते त्यांना बघू दे. तुला माझी कसम आहे.

नाजिया

•

जालना
२४ सप्टेंबर २०२४

नाजिया,

तुझी कसम पाळली. पुन्हा असली कसम घालू नको.

मी वरच्या वळणावर कठड्याला धरून उभी होते. खाली समितीचे दोघं साहेब आणि एक मॅडम. तू दोन पायऱ्या चढलीस, मंग कुबडी वर टाकलीस आणि पायरीवर बसलीस. बसल्या बसल्या एक-एक पायरी वर सरकत आलीस, हातानं पाय उचलून. ओढणी धुळीत लोळून राह्यली. एका साहेबानं मोबाईल काढून फोटो घेतला. माझ्याजवळून गेलीस तेव्हा तुझ्या तळहाताला खरचटलेलं दिसलं. मी कठडा सोडला न्हाई. बोटं दुखेपर्यंत धरून ठेवला.

वर्गात मी मागं, तू पुढं. सर काय बोलले ते मला काही कळलं न्हाई. एका ओळीचंही न्हाई. माझी कोरी वही मॅडमनी पाहिली आणि आपल्या कागदावर काहीतरी लिहिलं. कसम होती म्हणून तासभर तुझ्याकडं बघितलं न्हाई, तास संपल्यावर बघते तर तू न्हाईस. खाली आले, गेटपर्यंत पळत गेले. रिक्षावाल्याला विचारलं, त्यानं मान हलवली.

पोहोचलीस का, तेवढं तरी कळव.

शीतल

•

जालना
२१ ऑक्टोबर २०२४

नाजिया,

एकही रविवार आली न्हाईस. पत्राला उत्तर न्हाई. शाहबाजच्या खिशातल्या तुझ्या मोबाईलवर मेसेज केला, त्यावर 'ठीक है' आलं. ते तुझं न्हाई, तू असं कोरडं लिहीत न्हाईस.

माझं अपील मंजूर झालं. हसशील. 'अर्धवेळ विद्यार्थिनी असल्याने अर्धा भत्ता देय.' आता केंद्रानं एक मुलगी दिलीय, ती तासाच्या मध्यापर्यंत लिहिते आणि पेन बंद करून निघून जाते. तिची चूक न्हाई, तिला तेवढ्याचेच पैसे. पण मी अर्ध्या तासापुरतीच बहिरी आहे का? उरलेल्या अर्ध्यात मला ऐकू येतं?

तुझं काय झालं ते राधेश्यामभाऊंनी कागदावर लिहून सांगितलं. 'विद्यार्थिनी स्वतः जिना चढू शकते असे प्रत्यक्ष पाहणीत आढळले.' मी तो कागद वाचला आणि त्यांच्याच टेबलावर फाडला. ते पुन्हा ओरडून काहीतरी बोलले.

मला वाटतं तू माझ्यावर रागावलीस. माझं अर्धं तरी झालं, तुझं काहीच न्हाई, आणि सुरुवात माझ्या अर्जानं झाली. तसं असेल तर तसं लिही. शिव्या दे. पण असं गप्प बसून मला शिक्षा करू नको. गप्प बसणारे माझ्याभोवती आधीच खूप आहेत.

शीतल

•

आष्टी
४ नोव्हेंबर २०२४

शीतल,

तुझ्या भत्त्याचा मला राग? वेडी आहेस तू.

ऐक काय झालं. त्या दिवशी तास संपायच्या आधीच मी निघाले. म्हटलं, गर्दीत कुणाचा धक्का नको. खाली उतरताना कॅलिपरचा गुडघ्याजवळचा सांधा तुटला. शेवटच्या पायऱ्या कशा उतरले ते सांगत न्हाई. गेटाशेजारच्या झेरॉक्सवाल्या बाईनं, गोजरबाईंनी, मला आत घेऊन बसवलं. शाहबाज मोटारसायकलवर येईपर्यंत तिथंच होते. तू माझ्यासमोरून गेटकडं पळत गेलीस. मी हाक मारली. मंग आठवलं, हाक मारून काय उपयोग.

तेव्हापासून घरीच आहे. नवीन कॅलिपर शिबिरात मिळतो आणि शिबिर कधी ते कुणाला माहीत न्हाई. भिंतीला धरून घरात फिरते. शाहबाज म्हणतो, हे वर्ष सोड. अब्बा काही म्हणत न्हाईत, म्हणजे त्यांचंही तेच म्हणणं आहे. मी अजून हो म्हटलं न्हाई.

तुला कळवलं न्हाई, कारण तू लगेच ते अर्जात लिहिलं असतंस.

आणि आणखी एक. कसम मीच घातली, तू पाळलीस, आणि मला तुझाच राग आला. जिन्यात तुझ्याजवळून जाताना मला वाटत होतं की ही आता कसम मोडेल. मोडली असतीस तर मी भांडले असते. न मोडलीस म्हणून घरी येऊन रडले. आता सांग, याला काय म्हणायचं.

नाजिया

•

जालना
१८ नोव्हेंबर २०२४

नाजिया,

मी कसम मोडायला हवी होती. पायरीगणिक वाटत होतं. बस, याच्यावर आता बोलायचं न्हाई.

वर्ष सोडायचं न्हाई. मी दोघींच्या नावानं पुन्हा अपील टाकलंय. त्यात कॅलिपर तुटल्याचं लिहिलं न्हाई, घाबरू नको. तारीख मिळालीय, ३ डिसेंबर. तुला यावंच लागेल. त्या कागदावर काय छापलंय बघ : 'सुनावणी'. बहिरीला सुनावणी! मी एकटी जाऊन काय ऐकू?

कल्याण टेम्पो घेऊन आष्टीला येईल. पुढच्या सीटवर तुला बसवून आणेल, अम्मीला सांग. कॅलिपरचं काहीतरी कर. तुमच्या गावात वेल्डिंगवाला असेलच.

शीतल

•

जालना
१४ डिसेंबर २०२४

नाजिया,

३ तारखेला दिवसभर बाकड्यावर बसून परत गेलो, कारण साहेब दिव्यांग दिनाच्या सत्काराला गेल्ते. त्याच्यावर मी रागावले पण न्हाई, एवढी आता दमलेय. पण ११ तारखेला साहेब भेटले त्याबद्दल विचारायचंय.

मी तुझ्या मागं भिंतीपाशी उभी होते, कारण खुर्ची एकच होती. मला एवढं दिसलं. साहेबांनी काहीतरी विचारलं, तू बोललीस, शिपाई तोंड फिरवून हसला, पाहणीला आलेल्या त्याच मॅडमनी फाईल तोंडापुढं धरली. साहेबांचं तोंड लाल झालं. मंग ते माझ्याकडं बघून काहीतरी बोलले. तू टेबलाला धरून उभी राह्यलीस. तुमच्या गावातल्या कारभारी वेल्डरनं जोडलेल्या त्या कॅलिपरवर सगळा भार टाकलास. तू बराच वेळ बोललीस. मंग कुणीच हसलं न्हाई.

टेम्पोत मी वही पुढं केली तेव्हा तू लिहिलंस, 'बघू म्हणाले.' एवढंच. एवढ्या वेळात माणूस 'बघू' म्हणतो का?

वर्गात तू सरांचं शब्दन् शब्द लिहून देतीस. मंग हे पण दे.

शीतल

•

आष्टी
१९ डिसेंबर २०२४

शीतल,

ठीक आहे. वर्गात लिहिते तसं लिहिते. काही गाळत न्हाई.

साहेब म्हणाले, 'तुम्ही दोघी एकमेकींना मदत करता. मग शासनानं आणखी काय करायचं?'

मी म्हटलं, 'साहेब, दुपारचा डबा कुठून येतो तुमचा?'

'घरून.'

'कोण करतं?'

'मिसेस करतात. त्याचा इथं काय संबंध?'

मी म्हटलं, 'मिसेसनी पोट भरलं म्हणून ऑफिसनं तुमचा पगार बंद केला का? शीतल मला हात देते ती तिची माया आहे. ती तुमच्या हिशोबात कशी काय धरली?'

तेव्हा शिपाई हसला. साहेब चिडले. तुझ्याकडं बघून मॅडमना म्हणाले, 'हिला शिकून काय करायचंय? ऐकू तर काही येत नाही. प्लांटवर काम आहे, ते करावं गुपचूप.'

हे मी टेम्पोत लिहिलं न्हाई. तू पेन हातात देऊन माझ्या तोंडाकडं बघत होतीस आणि माझ्यानं लिहवलं न्हाई. त्यांच्यापुढं तेवढं बोलले आणि तुझ्यापुढं माझी हिंमत गेली.

तिथं मी उभी राह्यले आणि म्हटलं, 'साहेब, मागच्या वर्षी हिला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले, माझ्याच हातच्या वहीवरून. मी ऐकलं आणि विसरले. हिनं वाचलं आणि ठेवलं. दिवसभर प्लांटवर उभी राहते, खोलीवर येऊन अभ्यास करते. हिला शिकून काय करायचंय ते तिला विचारा, ती लिहून देईल. आणि आत्ता तुम्ही जे बोललात ते मी तिला शब्दन् शब्द लिहून देणार आहे, कारण तेच माझं काम आहे. आता पुढं काय लिहू ते तुम्ही सांगा.'

मॅडमनी पाहणीचे कागद त्यांच्यापुढं सरकवले. 'साहेब, त्या दिवशी मी होते. मुलगी जिना चढली नाही, जिन्यावर बसून सरकत वर गेली. हे मी लिहिलं होतं, टाईप करताना गेलं.' साहेब वाचत बसले. मंग म्हणाले, 'वर्ग खाली घ्यायला सांगतो. बाकीचं बघू.'

म्हणजे 'बघू' खोटं नव्हतं. आधीचं गाळलं, तेवढं खोटं. माफ कर.

नाजिया

•

जालना
३० जानेवारी २०२५

नाजिया,

आदेश आला. तुझी प्रत तुला येईलच, पण पोस्टाच्या आधी मी सांगते. वर्ग तळमजल्यावर, ऑफिसच्या शेजारच्या खोलीत. माझा भत्ता पूर्ण, 'अर्धा' शब्दावर पेनानं रेघ मारून सही केलीय. लिहिणारी मुलगी आता तास संपेपर्यंत बसेल. तुझा प्रवास भत्ता फक्त परीक्षेच्या दिवसांपुरता, कारण 'दूरशिक्षणात नियमित प्रवास अपेक्षित नाही.' हे वाचून मी खोलीत एकटीच मोठ्यानं काहीतरी बोलले असणार, कारण शेजारची बाई दार उघडून बघायला आली. याच्यावर पुन्हा अपील टाकायचं. या वेळी मजकूर तू सांग, कमी लिहायचं तुला कळतं. तोवर दर दुसऱ्या रविवारी कल्याणला परतूरकडचं भाडं असतं, येताना तो तुला घेऊन येईल. शाहबाजला सांग, वर्ष सोडायचा विषय संपला. खिचड्याचं मात्र अजून राहिलंय, असं अम्मीला सांग.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला महिन्यावर दिवस लागले. राग न्हाई. ते पुन्हा पुन्हा वाचून राह्यले, म्हणून.

साहेब माझ्याबद्दल काय म्हणाले ते मला तिथंच कळलं होतं. ते माझ्याकडं तोंड करून बोलले ना. 'ऐकू येत नाही' आणि 'काय करायचंय' हे शब्द मी लहानपणापासून इतक्या लोकांच्या ओठांवर वाचलेत की कुणी नुसतं पुटपुटलं तरी ओळखते. टेम्पोत तू 'बघू' लिहिलंस तेव्हा तू काय गाळून राह्यलीस तेही मला माहीत होतं. ते मी विचारलंच नव्हतं.

पण तू माझ्याकडं पाठ करून उभी होतीस. मला तुझे खांदे तेवढे हलताना दिसले. तू काय बोललीस, ते मला हवं होतं.

नाजिया, माझ्यासाठी कुणी असं बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

शीतल